तीन वर्षांची छावणी

शाळेत इतिहास शिकवणाऱ्या कोणालाही एक वाक्य तोंडपाठ असते. ‘१ जानेवारी १८६३ रोजी अब्राहम लिंकन यांनी अमेरिकेतील गुलामांना मुक्त केले.’ मी स्वतः ते वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलाने उठून विचारले, “सर, मुक्त केले होते, तर मग १८६४ साली केंटकीतले गुलाम रात्रीबेरात्री पळत का होते? आणि पळून लष्कराच्या छावणीत कशाला जात होते?” पोराने कुठे वाचले होते कोण जाणे. ‘पुढच्या तासाला सांगतो’ म्हणून मी त्या दिवशी वेळ मारून नेली. शिक्षक मंडळींना हा उपाय ठाऊक असेलच. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. त्याचे उत्तर शोधता शोधता मी ज्या छावणीच्या दाराशी जाऊन पोहोचलो, तिची हकीकत आज सांगणार आहे. छावणीचे नाव कॅम्प नेल्सन. १८६३ च्या उन्हाळ्यात ती उभी राहिली आणि १८६६ साली मोडली. जेमतेम तीन वर्षांचे आयुष्य.

१८६१ ते १८६५ या काळातले अमेरिकेतले यादवी युद्ध आपल्याला अगदीच परके नाही. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली, इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, आणि इकडे खानदेश-वऱ्हाडातल्या कपाशीला कधी नव्हे तो भाव आला. मुंबईत त्या पैशावर शेअरांचे वेड माजले आणि १८६५ साली युद्ध थांबताच अनेकांचे दिवाळे निघाले. एवढा भाग आपल्या पुस्तकांतून येतो. पण त्या युद्धाविषयी आपली समजूत अशी असते की, उत्तर म्हणजे गुलामगिरीच्या विरुद्ध आणि दक्षिण म्हणजे गुलामगिरीच्या बाजूची. मध्ये एक सरळ रेघ. प्रत्यक्षात गुलामगिरी चालू असलेली डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिझूरी ही चार राज्ये उत्तरेकडेच राहिली होती. त्यांना दुखवून लिंकन यांना चालण्यासारखे नव्हते. म्हणून त्यांचा जाहीरनामा बंड करून उठलेल्या मुलखापुरताच होता. म्हणजे आता बघा, जिथे लिंकन यांचा हुकूम चालत नव्हता तिथला गुलाम कागदावर मोकळा झाला, आणि जिथे चालत होता तिथला आपल्या मालकाच्या शेतात तसाच राबत राहिला. केंटकी हे असले राज्य.

या केंटकीत लेक्सिंग्टन नावाचे शहर आहे. त्याच्या दक्षिणेला सुमारे वीस मैलांवर केंटकी नदी खोल दरीतून वाहते. दोन्ही अंगांना चारचारशे फूट उंचीचे चुनखडीचे उभे कडे. तिथेच नदीवर लाकडी हिकमन पूल होता. आगगाडी निकोलसव्हिल या गावापर्यंत येऊन थांबत असे. तिथून छावणीची जागा सहा मैल. एका बाजूला नदीचे कडे, दुसऱ्या बाजूला हिकमन ओढ्याची घळ. तटबंदी करायची ती फक्त उत्तरेकडून. आपल्याकडे जुन्या लोकांनी किल्ल्यांना जागा निवडताना जो विचार केला, तोच इथे झालेला दिसतो. जनरल बर्नसाइड यांना टेनेसी राज्याच्या पूर्व भागावर चाल करायची होती. त्या फौजेला शिधा, दाणागोटा आणि दारूगोळा पुरवण्यासाठी हे ठाणे.

विल्यम नेल्सन या सेनापतीचे नाव छावणीला दिले होते. हा गृहस्थ लढाईत मेला नाही. सप्टेंबर १८६२ मध्ये लुइव्हिलच्या एका हॉटेलात स्वतःच्याच पक्षाच्या दुसऱ्या सेनापतीने भांडणातून त्याला गोळी घातली. मारणाऱ्याचे नाव जेफरसन डेव्हिस; दक्षिणेच्या अध्यक्षाचेही नाव हेच, पण माणूस वेगळा. परीक्षेत मुले हटकून घोटाळा करतात ती इथे.

सुमारे चार हजार एकरांवर तीनशेहून अधिक इमारती उठल्या. कोठारे, पागा, खेचरांचे कोंडवाडे, लोहारांची आणि सुतारांची कामाची घरे, सातशे खाटांचे इस्पितळ, तुरुंग. दिवसाला दहा हजार माणसांना पुरेल इतका पाव भाजणारा भटारखाना. पाण्याची सोय तर ऐकण्यासारखी आहे. नदी खाली दरीत, छावणी वर माळावर. वाफेच्या यंत्राने पाणी ४७० फूट वर चढवून पाच लाख गॅलनांच्या तलावात सोडत, आणि तिथून ते नळांनी खेळवत. त्या काळी पुष्कळ गावांना अशी सोय नव्हती.

हे सगळे खोदले, उचलले, बांधले कोणी? मोठ्या प्रमाणावर केंटकीतल्या गुलामांनी. सरकारने त्यांना वेठीला धरावे तसे मालकांकडून कामाला लावून घेतले होते. मजुरी मालकाच्या हाती जाई. उत्तरेच्या सैन्याचे खंदक गुलामांनी खणायचे आणि पैसे गुलामांच्या धन्याने मोजून घ्यायचे, असा तो व्यवहार.

ज्या कामासाठी छावणी बांधली ते काम मात्र फारसे साधले नाही. बर्नसाइड यांनी सप्टेंबर १८६३ मध्ये नॉक्सव्हिल घेतले हे खरे; पण तिथपर्यंत शिधा पोहोचवायचा म्हणजे डोंगरातून, कंबरलँड खिंडीच्या वाटेने गाड्या हाकायच्या. हिवाळ्यात त्या वाटेचा नुसता राडा होई. जानेवारी १८६४ मध्ये खुद्द जनरल ग्रँट त्या वाटेने केंटकीत आले, तेव्हा त्यांना रस्ताभर मोडक्या गाड्या आणि मेलेली जनावरे पडलेली दिसली. पुढे पुरवठ्याच्या वाटाच बदलल्या आणि एवढे मोठे ठाणे हळूहळू बाजूला पडू लागले. नेमके त्याच सुमारास तिथे जे घडले, ते छावणी बांधणाऱ्यांच्या मनातही नव्हते.

१८६४ च्या वसंतात केंटकीत काळ्या लोकांची सैन्यभरती सुरू झाली. नाखुशीनेच. गोऱ्यांतून माणसे पुरी पडेनात म्हणून. पहिली अट अशी की मालकाची संमती हवी. मालकाला तीनशे डॉलरपर्यंत भरपाई. जून महिन्यापर्यंत ही संमतीची अटही गेली. आणि भरती झालेला गुलाम त्या घटकेपासून मोकळा! केंटकीत गुलामाला कायद्याने सुटका मिळण्याचे हे जवळजवळ एकच दार होते, आणि ते कॅम्प नेल्सनमध्ये उघडत होते.

मग काय विचारता. मे महिन्यात डॅनव्हिलकडून सुमारे अडीचशे जणांचा जथा छावणीकडे निघाला. गावातून जाताना त्यांच्यावर दगड पडले, पिस्तुले झाडली गेली. तरी ते पोहोचले. पीटर ब्रुनर नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा आणि त्याच्याबरोबरचे लोक एकेचाळीस मैल तुडवत आले. ब्रुनर याआधीही पळाला होता आणि धरला गेला होता. या खेपेला पोहोचल्यावर अधिकाऱ्यांनी विचारले, काय हवे आहे? बंडखोरांशी लढायला आलो आहे, असे त्याने सांगितले. पुढे म्हातारपणी त्याने आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले म्हणून आपल्याला हे कळते. सगळ्यांनाच असे पोहोचता आले नाही. वाटेत धरलेल्यांना फटके बसत, जिवाला मुकावे लागे. एवढे असून कॅम्प नेल्सनमध्ये दहा हजारांहून अधिक काळे शिपाई भरती झाले. साऱ्या केंटकीत हा आकडा तेवीस हजारांच्या पुढे गेला. लुइझियाना सोडले तर इतके काळे सैनिक दुसऱ्या कुठल्याही राज्याने दिले नाहीत.

लढायांचा तपशील मी सांगत बसत नाही. एकच सांगतो. ऑक्टोबर १८६४ मध्ये यातला पाचवा रिसाला व्हर्जिनियात सॉल्टव्हिल इथे पाठवला गेला. घोडे कच्चे, हातात पायदळाच्या बंदुका. जाताना वाटभर गोऱ्या शिपायांनी त्यांची टवाळी केली, डोक्यावरच्या टोप्या ओढल्या. लढाई झाल्यावर परतीच्या वाटेवर कोणी टवाळी केली नाही. मैदानावर मागे राहिलेल्या जखमी काळ्या शिपायांना दक्षिणेच्या माणसांनी दुसऱ्या दिवशी ठार केले.

आता मूळ गोष्टीकडे येतो. शिपाई मोकळा झाला. त्याची बायको? त्याची मुले? ती मालकाचीच. कायदा त्यांच्याबद्दल एक अक्षर बोलत नव्हता. इकडे नवरा पळाल्याचा राग मालक घरच्यांवर काढी. कुठे मार, कुठे खायला बंद, कुठे सरळ घराबाहेर काढणे. साहजिकच बाया कडेवर पोरे घेऊन नवऱ्याच्या मागोमाग छावणीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पडेल त्या लाकडाफाट्याच्या झोपड्या घातल्या आणि धुणी धुणे, रांधणे, शिवणे अशा कामांवर गुजराण सुरू केली.

छावणीचे प्रमुख होते जनरल स्पीड फ्राय. ते डॅनव्हिलकडचेच, केंटकीचे. त्यांचे म्हणणे असे की, या बायांमुळे शिस्त बिघडते, रोगराई पसरते. त्यांना पुन्हा पुन्हा हाकलण्यात आले आणि त्या पुन्हा पुन्हा परत आल्या. जाणार कुठे? शेवटी १८६४ च्या नोव्हेंबरात कडाक्याची थंडी पडलेली असताना फ्राय यांनी हुकूम सोडला. सुमारे चारशे बायामुलांना गाड्यांत घालून छावणीबाहेर नेऊन सोडण्यात आले, आणि त्यांनी परतू नये म्हणून मागे झोपड्या पाडून जाळून टाकल्या.

त्यांत एक कुटुंब जोसेफ मिलर याचे होते. मिलर शेतकामाचा माणूस. ऑक्टोबरात तो भरती व्हायला आला तेव्हा बायको इझाबेला आणि चार मुले बरोबर होती, कारण तू सैन्यात गेलास तर मी यांना पोसणार नाही, असे मालकाने बजावले होते. छावणीत त्यांना तंबूत राहू दिले गेले. २३ नोव्हेंबरच्या सकाळी घोड्यावरचा पहारा आला आणि बाहेर निघा म्हणाला. सात वर्षांचा मुलगा आजारी, बाहेर पाणी गोठत होते. मिलरने सांगितले, हे पोर या थंडीत नेले तर मरेल. माझ्या माणसांना जायला जागा नाही. आणि मी सरकारचा शिपाई आहे. पहाऱ्यावरचा म्हणाला, त्याने काही फरक पडत नाही. गाडीत चढला नाहीत तर एकेकाला गोळी घालीन.

रात्री मिलर त्यांना शोधत निघाला. निकोलसव्हिलमध्ये काळ्या लोकांचे एक जुने प्रार्थनाघर होते, तिथे ती सापडली. एवढ्या घरात एकच शेकोटी. भोवती इतकी माणसे दाटलेली की त्याच्या बायकोला आणि मुलांना शेकोटीजवळ सरकायलाही वाव नव्हता. दिवसभर पोटात काही नाही. आजारी मुलगा गाडीतून उतरवल्यावर लगेचच गेला होता. मिलरला रात्रीच छावणीत परतणे भाग होते. तो हजेरीचा शिपाई. तो परतला. सकाळी पुन्हा सहा मैल चालत गेला, स्वतः खड्डा खणला आणि पोराला पुरले.

हे सगळे त्याने २६ नोव्हेंबरला शपथेवर सांगितले. त्याला लिहिता येत नव्हते. जबानी दुसऱ्याने उतरून घेतली आणि त्याने खाली खूण केली. आपल्याकडे अंगठा उठवतात तशीच. मी ही जबानी वर्गात एकदा मराठीत सांगितली. एरवी घंटा झाली की उठणारी मुले त्या दिवशी घंटा झाल्यावरही बसून होती.

जबान्या घेण्याची कल्पना छावणीतल्या काही मोजक्या माणसांची. त्यांत कॅप्टन थेरॉन हॉल प्रमुख होते. हॉल पुरवठा खात्याचे अधिकारी, म्हणजे दाणागोटा-खेचरांचा हिशोब ठेवणारे. त्यांनी वरिष्ठांना लिहिले आणि नाव बदलून न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’ वर्तमानपत्रातही हकीकत छापवून आणली. बोभाटा झाला. आठवड्याच्या आत वरून हुकूम आला की हकालपट्टी थांबवा, आलेल्यांना आत घ्या. चारशेंपैकी सुमारे अडीचशे परत आले. या हकालपट्टीपायी १०२ माणसे गेल्याची नोंद आहे. डिसेंबरात छावणीत निर्वासितांसाठी रीतसर वसाहत सुरू झाली आणि हॉल यांनाच तिचे प्रमुख नेमले. पुढे ३ मार्च १८६५ रोजी अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा केला: सैन्यात असलेल्या काळ्या शिपायाची बायको आणि मुले कायमची मुक्त.

त्या कायद्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. गुलामांच्या लग्नाला कायद्यात किंमतच नव्हती. मग कोणती बाई कोणाची बायको, हे ठरवायचे कसे? कायद्याने सांगितले की, दोघे नवराबायको म्हणून एकत्र राहत होते एवढा पुरावा पुरे. ज्यांना बाजारात वेगवेगळे विकता येत होते, त्यांचा संसार सरकारदरबारी पहिल्यांदा संसार म्हणून गणला गेला. या कायद्यानंतर भरतीला पुन्हा जोर चढला. बायकामुले सुटावीत म्हणून माणसे शिपाई होऊ लागली. आणि केंटकी राज्य? त्याने गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती फेब्रुवारी १८६५ मध्ये फेटाळली. बाकीच्या राज्यांच्या मंजुरीने ती डिसेंबरात अमलात आली, तेव्हा कुठे केंटकीतली गुलामगिरी संपली. केंटकीने आपली मंजुरी नोंदवली ती १९७६ साली!

जोसेफ मिलरला यातले काहीच पाहायला मिळाले नाही. हकालपट्टीनंतर महिन्या-दीड महिन्यात त्याची बायको आणि उरलेली मुले एकामागून एक गेली, आणि ६ जानेवारी १८६५ रोजी तोही गेला.

शिक्षक श्रोत्यांसाठी छावणीतल्या शाळेबद्दल सांगायला हवे. जॉन फी नावाचे गुलामगिरीविरोधी धर्मोपदेशक १८६४ च्या जुलैत तिथे आले आणि त्यांनी शिपायांना अक्षरे शिकवायला सुरुवात केली. दिवसभर कवायत करून आलेली वाढलेली माणसे बाराखडी गिरवायला बसत. एलायजा मार्स नावाचा सार्जंट आधीच शिकलेला होता. युद्धानंतर तो शिक्षक झाला. पण शाळा झाली म्हणून मने लगेच बदलली, असे समजू नका. १८६५ साली फी यांनी बेल मिचेल या अठरा वर्षांच्या काळ्या मुलीला शिक्षिका म्हणून आणले. ती जेवणघरात येऊन बसताच बरेच गोरे शिक्षक पानावरून उठले. हे कोण? गुलामांच्या मुलांना शिकवायला म्हणून घरदार सोडून आलेले लोक! शिकवायला तयार, पण पंक्तीला बसायला नाही. आपल्याला हे समजायला फार कष्ट पडू नयेत. फी बाहेरगावी गेलेले पाहून तिला परत धाडण्यात आले. ती पुढे फी यांच्या बेरिया इथल्या कॉलेजात शिकली, शिक्षिका झाली आणि लेक्सिंग्टनमधल्या काळ्या अनाथ मुलांच्या आश्रमाच्या संस्थापकांत तिचे नाव आहे.

इथे जोतीराव फुले यांची आठवण येते. १८७३ साली, म्हणजे ही छावणी मोडल्यानंतर सात वर्षांनी, त्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला. काळ्या गुलामांच्या सुटकेसाठी त्या लोकांनी निरपेक्षपणे जी झीज सोसली तिच्याबद्दलच्या आदराने. पुण्यात बसून जोतीरावांनी ते युद्ध कपाशीच्या भावापलीकडे पाहिले. ती अर्पणपत्रिका वाचताना माझ्या डोळ्यांपुढे कॅप्टन हॉल येतात, फी येतात; आणि एकेचाळीस मैल चालत आलेला ब्रुनर व खूण करून जबानी देणारा मिलरही येतो.

१८६६ मध्ये छावणी मोडली. लाकूडफाटा विकला गेला, कोठारे, भटारखाना, इस्पितळ सारे गेले, माळावर पुन्हा शेती सुरू झाली. निर्वासितांची वसाहतही बंद करण्यात आली. फी यांनी तिथली थोडी जमीन मिळवून काही कुटुंबांना ठाव दिला. त्यातून एक लहानसे खेडे तेवढे राहिले. तीनशे इमारतींपैकी आज एकच उभी आहे, ‘व्हाइट हाउस’. तीही लष्कराने बांधलेली नाही. छावणीच्या आधीचे ते एका कुटुंबाचे राहते घर. अधिकाऱ्यांनी राहायला घेतले होते. आणि आहे ती सैनिकांची दफनभूमी, पांढऱ्या दगडांच्या रांगांची. शंभर वर्षांहून अधिक काळ बाकी खुणा मातीखाली होत्या. २०१८ साली या जागेला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला.

त्याच्या आधी कितीतरी वर्षे संशोधक तिथे खणत होते. जिथे बायांच्या झोपड्या जाळल्या होत्या, ती जागा त्यांना सापडली. जळके खिळे, फुटकी भांडी, मणी, आणि कपड्यांची पुष्कळ बटणे. धुण्याच्या पिंपांत, शिवणाच्या सुईखाली सुटून पडलेली, शिपायांच्या कपड्यांची बटणे.